इंग्रजीचं लाल पेन: कोणती चूक खरी आणि कोणती नुसती समजूत?

शिरोरेघ
नमस्कार मंडळी. संस्थेचे अहवाल, सूचना, अर्ज, पत्रं यांचं इंग्रजी तपासताना काही ठिकाणी लाल पेन हातातच अडकतं. जुने व्याकरणवाले एक सांगतात, नवे कोश दुसरंच. वारंवार अडणाऱ्या जागा अशा:

"टू" आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालावा का? वाक्य "ऑफ", "विथ", "टू" अशा शब्दावर संपवलं तर चालतं का? "लेस" आणि "फ्यूअर" यांतला फरक पाळायलाच हवा का? एका माणसासाठी "दे" कसं चालेल? "डू द नीडफुल", "रिव्हर्ट", "प्रीपोन" कापायचे की ठेवायचे? आणि "लिटरली"चं काय करायचं?

माझं मत असं, की औपचारिक लेखनात नियम म्हणजे नियम. उद्या सगळे चुकीचं बोलू लागले म्हणून चूक बरोबर होत नाही. पण जाणकारांकडून कारणांसकट ऐकायचं आहे.

पाटीपेन्सिल
शेवटच्या वाक्याशी असहमत. भाषेत सगळे जे बोलतात तेच कालांतराने बरोबर होतं. मात्र "सगळे" म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवं.

मोडीवाचक
"टू"च्या मध्ये शब्द नको, हा नियम फार प्राचीन नाही. तो १९व्या शतकात रुजला. हेन्री आल्फर्ड या पाद्र्याने १८६४ साली अशा रचनेला नावं ठेवली आणि पुढे शाळांनी ते उचलून धरलं. लॅटिनमध्ये "टू"सह क्रियापदाचं हे रूप एकाच शब्दाचं असतं म्हणून इंग्रजीतही तोडू नये, असं कारण सांगितलं जातं. पण इंग्रजीत "टू" मुळातच सुटा शब्द आहे, तेव्हा तुटण्यासारखं काही नाहीच. इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्येच या भीतीपायी वाक्यं वाकडी करणाऱ्यांना झापलं होतं.

नियम आंधळेपणाने पाळला की काय होतं ते पाहा. "द कमिटी डिसाइडेड टू ग्रॅज्युअली रिड्यूस द फी", म्हणजे शुल्क हळूहळू कमी करायचं ठरलं. अर्थ स्वच्छ. आता "ग्रॅज्युअली" उचलून "टू"च्या आधी ठेवा: "डिसाइडेड ग्रॅज्युअली टू रिड्यूस". निर्णय हळूहळू झाला की कपात हळूहळू होणार? दोन्ही अर्थ निघतात. काही ठिकाणी तर हलवायला जागाच नसते. "वुई एक्स्पेक्ट टू मोअर दॅन डबल द आउटपुट" यातलं "मोअर दॅन" दुसरीकडे कुठे ठेवून दाखवा.

तेव्हा इथे लाल पेन नको. फक्त "टू" आणि क्रियापद यांच्यात चार-पाच शब्दांची माळ आली असेल तर वाक्य नव्याने लिहायला सांगा, कारण वाचणाऱ्याला क्रियापदाची वाट पाहावी लागते.

अर्धविराम
+१. शेवटच्या "ऑफ-विथ"ची गोष्ट त्याहून जुनी. कवी ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने व्याकरण लिहिलं. त्याने बंदी घातली असं सर्रास सांगतात, पण तसं नाही. बोलण्यात आणि साध्या लेखनात ही रचना रूढ आहे, गंभीर लेखनात अव्यय आधी घेणारी रचना जास्त शोभते, एवढंच त्याचं म्हणणं. आणि हे सांगताना त्याचं स्वतःचं वाक्यही "टू"वरच संपतं.

नदीकाठ
इथे मराठी विद्यार्थ्यांपुरता एक मुद्दा सांगायलाच हवा, कारण हा नियम शिकवल्याने त्यांचं सरळ नुकसान होतं.

मराठीत "शी", "वर", "मध्ये" नामाला चिकटतात. "ज्या घरात राहतो" यातला "त" घराला सोडून कुठे जात नाही. इंग्रजीत मात्र "द हाऊस आय लिव्ह इन", "अ चेअर टू सिट ऑन", "अ पेन टू राइट विथ" अशी शेवटी लोंबणारी अव्ययं लागतात. आपल्या मुलांची खरी चूक शेवटी अव्यय ठेवण्याची नाहीच, ते गाळण्याची आहे. "द हाऊस आय लिव्ह", "अ चेअर टू सिट" असं लिहितात. त्यात वरून "वाक्य अव्ययावर संपवू नये" हा नियम डोक्यात बसला की उरलंसुरलं अव्ययही गळतं.

तपासणाऱ्याने नातेवाचक उपवाक्य ("ज्या घरात राहतो" अशासारखं) दिसलं की एक गोष्ट करावी. ते सुटं करून साधं वाक्य बनवावं. "आय लिव्ह द हाऊस" चालतं का? नाही, "इन" लागतं. मग मूळ वाक्यातही "इन" कुठेतरी हवंच, शेवटी किंवा "इन विच" करून. पहिलं सहज वाटतं, दुसरं औपचारिक. दोन्ही शुद्ध.

शिरोरेघ
नदीकाठ, हे लक्षात आलंच नव्हतं. मग लाल पेन नेमकं कुठे चालवायचं, याची यादी मिळेल का?

नदीकाठ
यादी मोठी होईल, पण सर्वांत जास्त दिसणारी एक सांगते. "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स." यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून येतात. आपला "पासून" क्षण आणि कालावधी दोन्हींना चालतो: "सोमवारपासून", "दोन वर्षांपासून". इंग्रजीत क्षणाला "सिन्स" आणि कालावधीला "फॉर". दुसरं म्हणजे "राहतोय" या वर्तमानासाठी इथे "हॅव बीन लिव्हिंग" लागतं. पुष्कळदा "सिन्स"चा "फॉर" होतो आणि "ॲम" तसाच राहतो. अर्धी दुरुस्ती करून थांबू नका.

तसंच "डिस्कस अबाउट". मराठीत "विषयी चर्चा" म्हणून "अबाउट" येतं. "डिस्कशन" या नामाला ते चालतं, "डिस्कस" या क्रियापदाला नाही. "एक्स्प्लेन मी", "सजेस्ट मी" हे "मला समजाव", "मला सुचव" यांवरून. तिथे "एक्स्प्लेन इट टू मी" हवं.

या चुकांवर कुठल्या कोशाचं किंवा व्याकरणकाराचं दुमत नाही. लंडनचा दुकानदार असो की न्यूयॉर्कचा प्राध्यापक, यातली एकही चूक तो करत नाही. व्याकरणाची चूक मी याला म्हणते.

सुपारी
आणि "लेस-फ्यूअर"? दुकानातल्या पाट्यांवरून लोक भांडतात म्हणे.

अर्धविराम
भांडतात खरे. २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने झटपट खिडकीवरची "टेन आयटम्स ऑर लेस" ही पाटी बदलून "अप टू टेन आयटम्स" केली, म्हणजे वादच मिटला.

मोजता येणाऱ्यांना "फ्यूअर" आणि न मोजता येणाऱ्यांना "लेस" हा भेद रॉबर्ट बेकरने १७७० मध्ये मांडला, तोही स्वतःची पसंती म्हणून. मोजता येणाऱ्या वस्तूंना "लेस" लावण्याची रीत त्याआधी कैक शतकं इंग्रजीत होती. आज औपचारिक लेखनात भेद पाळावा असं मी म्हणेन, कारण परीक्षक आणि संपादक तो पाहतातच. पण अंतर, पैसा, वेळ यांना अंक लागला तरी "लेस"च: "लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स", "लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज". इथे आपण सुटे नग मोजत नसतो, एकच राशी धरतो. नियमाच्या ओढीने तिथे "फ्यूअर" घालणं ही उलट चूक.

आपल्याकडे "कमी" हा एकच शब्द सगळं सांभाळतो. त्यामुळे हा भेद सुटला तर समजू शकतो. "इन्फर्मेशन्स", "फर्निचर्स", "ॲडव्हाइसेस", "इक्विपमेंट्स" ही अनेकवचनं मात्र पाहिली की थांबाच. एक सल्ला सांगायचा तर "अ पीस ऑफ ॲडव्हाइस".

दौतटाक
सगळे फारच सैल सोडताय. शाळेत मुलाला "दोन्ही चालतं" सांगितलं की तो काहीच शिकत नाही. कायद्याच्या मसुद्यात तर एका स्वल्पविरामाने लाखोंचा फरक पडतो. नियम हवेतच.

मसुदा
दौतटाक, स्वल्पविरामाचं उदाहरण तुमच्या बाजूचंही आहे आणि विरुद्धही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. नाशवंत मालाची कोणती कामं जादा वेतनातून वगळली आहेत, ते त्या राज्याच्या कायद्यात क्रमाने दिलं होतं: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्रायिंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, आणि शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन". "शिपमेंट"नंतर स्वल्पविराम नव्हता. मालकाचं म्हणणं, "डिस्ट्रिब्युशन" म्हणजे वितरण हे वेगळं काम आहे, तेव्हा ड्रायव्हर वगळले गेले. ड्रायव्हरांचं म्हणणं, वगळलंय ते फक्त पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही.

दोन्ही बाजूंकडे भाषेचे पुरावे होते. यादीतली बाकी सगळी कामं "इंग"वाली आणि "डिस्ट्रिब्युशन" तेवढं नाही, हे ड्रायव्हरांच्या बाजूने. "शिपमेंट" आणि "डिस्ट्रिब्युशन" यांचा अर्थ जवळजवळ एकच, मग एकाच कामासाठी दोन शब्द कशाला, हे मालकाच्या बाजूने. शिवाय त्या राज्याची मसुदा-पुस्तिकाच सांगत होती की यादीतल्या शेवटच्या नगाआधी स्वल्पविराम देऊ नका! २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवलं आणि निकाल ड्रायव्हरांकडे गेला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे कायदा दुरुस्त करताना त्यांनी अर्धविराम वापरले आणि "डिस्ट्रिब्युशन"चं "डिस्ट्रिब्युटिंग" केलं.

म्हणजे नियम पाळूनच घोटाळा झाला. यादी करताना तीन गोष्टी बघा: सगळे नग एकाच रूपात आहेत का, शेवटच्या दोघांची जोडी भलत्याच शब्दाला चिकटते का, आणि नगांच्या पोटात स्वल्पविराम असतील तर बाहेर अर्धविराम दिलाय का. तो शेवटचा स्वल्पविराम द्यायचा की नाही ते एकदा ठरवा आणि सबंध दस्तात तेच ठेवा.

दौतटाक
हे पटलं. आणि "शॅल-विल"?

मसुदा
"आय-वुई"ला "शॅल", बाकीच्यांना "विल" हे जॉन वॉलिसने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सांगितलं. आजच्या लेखनात साध्या भविष्यकाळासाठी सगळीकडे "विल" ठेवा. "शॅल आय ओपन द विंडो?" अशी विचारणा तेवढी जिवंत आहे. कायद्यात "शॅल" म्हणजे बंधन, पण तिथेही माणसं हटताहेत. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया-नियमांतून २००७ मध्ये "शॅल" काढून "मस्ट" वगैरे शब्द घातले, कारण एकच "शॅल" कुठे सक्ती, कुठे नुसतं भविष्य, कुठे सवलत असे वेगवेगळे अर्थ देत होता. भारतीय कायद्यांत तो भरपूर आहे, आणि "शॅल" बंधनकारक की निर्देशात्मक (म्हणजे न पाळल्यास कृती रद्द न ठरणारा) यावर आपल्या न्यायालयांत वाद होतच असतात.

गोकर्ण
एकवचनी "दे"बद्दल कोणी बोललं नाही. मला ते खटकतं. एक माणूस आणि अनेकवचन?

मोडीवाचक
गोकर्ण, "सर आले, ते बसले" यात किती माणसं आहेत? आपण एका माणसाला अनेकवचनी सर्वनाम आणि अनेकवचनी क्रियापद रोज लावतो. कारण आपलं आदराचं, त्यांचं लिंग न सांगण्याचं, पण यंत्र तेच. त्यामुळे मराठी माणसाला तरी हे परकं वाटायला नको.

इंग्रजीत अशा "दे"चं उदाहरण १३७५च्या सुमाराचं आहे. गंमत म्हणजे "यू"सुद्धा मूळचं अनेकवचन. एका माणसाला "यू" म्हणणं व्याकरणाविरुद्ध आहे म्हणून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जॉर्ज फॉक्सने १६६० मध्ये पुस्तकच काढलं. आज "यू आर" वर कोणी बोट ठेवत नाही. उलट इंग्रजीतल्या पुल्लिंगी "ही"मध्ये स्त्रियासुद्धा येतात, हे ब्रिटिश संसदेला १८५० मध्ये कायदा करून सांगावं लागलं.

वापरताना क्रियापद अनेकवचनी ठेवा: "दे आर". "एव्हरी कँडिडेट मस्ट साइन देअर फॉर्म" आता अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २०१९च्या शैलीपुस्तिकेलाही मान्य आहे. तरी कोणाला खटकेल अशी शंका असेल तर "कँडिडेट्स मस्ट साइन देअर फॉर्म्स" करा. प्रतिज्ञापत्रात मात्र सर्वनामच टाळा, "द डिपोनंट" (प्रतिज्ञा करणारा) पुन्हा लिहा. तिथे "दे" म्हणजे एक की अनेक हा प्रश्न उरता कामा नये.

सुपारी
"लिटरली"वर माझा राग आहे. "आय लिटरली डाइड" म्हणणारा जिवंत कसा?

पाटीपेन्सिल
आपलं "अक्षरशः" आठवा. मुळात अर्थ अक्षराला धरून, "लिटरली"सुद्धा लॅटिनमधल्या अक्षर या शब्दावरूनच. आणि आपण "अक्षरशः वेड लागायची पाळी आली" लिहितोच. दोन भाषांत एकच शब्द एकाच वाटेने गेला. इंग्रजीत फ्रान्सिस ब्रुकच्या १७६९च्या लेखनात तो अशा जोरासाठी आलाय. "व्हेरी"चाही मूळ अर्थ "खरं". जोर देणारे शब्द असे झिजतातच.

मात्र औपचारिक लेखनात मीसुद्धा तो कापतो. अशुद्ध म्हणून नव्हे, काढल्याने काही बिघडत नाही म्हणून. भाषांतरात "शब्दशः" या अर्थी आला तर ठेवायचा.

गोकर्ण
बदलावरून आठवलं, आजकाल "माझी मदत कर" ऐकलं की कानाला टोचतं. "मला मदत कर" गेलं कुठे?

दौतटाक
हिंदीतून आलं. आणि "मी तुझी वाट बघत आहे"चं "मी तुझं इंतजार"पर्यंत जायला वेळ लागणार नाही.

नदीकाठ
यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे भारतीय इंग्रजीचा प्रश्न अजून बाकी आहे.

शिरोरेघ
हो, तो सांगा. रोजची अडचण तीच आहे.

तारायंत्र
या शब्दांचा न्याय वाचणारा कोण यावर होतो. एकेक घेऊ.

"डू द नीडफुल" ही जुनी ब्रिटिश कचेरीची भाषा. तिकडे मावळली, इकडे राहिली. शुद्ध आहे, पण काय करायचं ते सांगत नाही. त्याजागी नेमकं काम आणि तारीख लिहा: "प्लीज अप्रूव्ह द बिल बाय फ्रायडे".

"रिव्हर्ट" खरंच धोक्याचा आहे. भारतात, सिंगापूरमध्ये, मलेशियात त्याचा अर्थ "उत्तर द्या". इतरत्र "पूर्वस्थितीला जाणं". परदेशी प्रोग्रामरला त्याच्या बदलाखाली "प्लीज रिव्हर्ट" लिहिलंत तर तो केलेलं काम मागे घेईल. तिथे "रिप्लाय".

"पास्ड आउट फ्रॉम कॉलेज" बाहेरच्या वाचकाला "बेशुद्ध पडला" वाटतं. पण खडकवासल्याच्या प्रबोधिनीतलं "पासिंग आउट परेड" ही ब्रिटिश लष्करी परंपरा, ती जशीच्या तशी ठेवा. कॉलेजला "ग्रॅज्युएटेड".

"कझिन ब्रदर" तुम्ही कापाल, पण तो का जन्मला ते बघा. आपल्याकडे चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसबहीण असा नेमकेपणा. इंग्रजी "कझिन" भाऊ की बहीण तेही सांगत नाही. औपचारिक पत्रात "कझिन" पुरे. नातं महत्त्वाचं असेल, उदाहरणार्थ वारसाहक्कात, तर "मदर्स ब्रदर्स सन" असं उलगडून लिहा.

"प्रीपोन" ठेवायला माझी हरकत नाही. "पोस्टपोन"च्या विरुद्ध अर्थ तो एका शब्दात सरळ सांगतो, आणि तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. परदेशी वाचकासाठी "मूव्ह्ड अप" म्हणाल तर वर गेला की पुढे गेला हा घोळ होतोच. सरळ नवी तारीख लिहा.

आणि "ओन्ली". "आय केम यस्टरडे ओन्ली" हा आपला "कालच". बाहेरचा वाचक "फक्त कालच, इतर दिवशी नाही" असं समजतो. "च"चं काम इंग्रजीत आवाजाच्या जोराने होतं. लेखनात "ओन्ली यस्टरडे" किंवा "जस्ट यस्टरडे" करा.

पाटीपेन्सिल
जोड देतो: ऑक्सफर्डच्या शिकाऊंसाठीच्या कोशात २०२० मध्ये "चाळ" आणि "डबा" दोन्ही आले.

अर्धविराम
बदलाला घाबरणाऱ्यांसाठी एक उदाहरण. "द हाऊस इज बीइंग बिल्ट" आज प्रत्येक शाळेत शिकवतात. १८व्या शतकाच्या अखेरपर्यंत लोक "द हाऊस इज बिल्डिंग" म्हणत, म्हणजे शब्दशः "घर बांधतंय". नवी रचना आली तेव्हा ती ओबडधोबड म्हणून हिणवली गेली. रिचर्ड ग्रँट व्हाइटने १८७० मध्येही तिच्यावर कडाडून टीका केली. आज जुनी रचना लिहिली तर तीच चूक ठरेल.

शिरोरेघ
मग आज काय रूढ आहे ते तपासायचं कसं? प्रत्येक वेळी इथे विचारता येणार नाही.

तारायंत्र
आधी कोशातली वापराविषयीची टीप. मेरियम-वेबस्टरच्या नोंदींखाली ती पुष्कळदा असते. नुसता अर्थ वाचू नका, "अनौपचारिक", "भारतीय" असा शिक्का आहे का ते बघा.

मग गुगलचा एनग्राम, म्हणजे पुस्तकांत शब्द किती वेळा येतो ते वर्षांनुसार दाखवणारं साधन. दोन पर्याय स्वल्पविरामाने लिहा, ब्रिटिश आणि अमेरिकन संग्रह वेगवेगळे निवडून पाहा. एका वेळी पाच शब्दांपर्यंतच शोध चालतो. १८००च्या आधीच्या रेषेवर विसंबू नका: जुन्या छपाईतला लांब "एस" यंत्र "एफ" म्हणून वाचतं. आणि ही छापील पुस्तकं आहेत, बोलणं नव्हे.

खोल जायचं तर समकालीन अमेरिकन इंग्रजीचा "कोका" हा संग्रह, सुमारे १०० कोटी शब्दांचा. त्यात बोली, कादंबरी, वृत्तपत्र, संशोधन असे विभाग आहेत. "लेस पीपल" बोलण्यात किती आणि शोधनिबंधात किती, हे वेगळं दिसतं. पण आकडा पाहून थांबू नका, पन्नास वाक्यं उघडून वाचा. "मोअर ऑर लेस पीपल" असा भलताच तुकडा मोजणीत घुसलेला असतो.

दौतटाक
"हूम"बद्दल कोणीच बोललं नाही. तो तरी वाचवा.

मोडीवाचक
भाषाशास्त्रज्ञ सपीरने १९२१ मध्येच लिहिलं होतं की दोनेकशे वर्षांत प्रश्नातला "हूम" जाईल. अव्ययानंतर तो अजून घट्ट आहे: "टू हूम", "मोस्ट ऑफ हूम". तिथे ठेवाच. प्रश्नाच्या सुरुवातीला "हू डिड यू मीट?" मला चालतं.

जास्तीच्या शुद्धतेने होणारी चूक मात्र पकडा: "द ऑफिसर हूम वुई थिंक इज रिस्पॉन्सिबल". "वुई थिंक" काढून बघा. उरतं "हूम इज रिस्पॉन्सिबल", जे चूक. "ही"ने उत्तर येत असेल तर "हू", "हिम"ने येत असेल तर "हूम".

शिरोरेघ
आजपासून बदल करतोय. "टू"च्या मधला शब्द आणि शेवटचं अव्यय यांना हात लावणार नाही. "सिन्स-फॉर", "डिस्कस अबाउट", "इन्फर्मेशन्स" सोडणार नाही. "रिव्हर्ट" काढणार. एकवचनी "दे" मला अजून पचलेलं नाही, तिथे वाक्य अनेकवचनी करून घेईन.

एक राहिलं. "ऑर्गनाइझ"मध्ये "झेड" दिसला की अमेरिकन म्हणून "एस" करतो. बरोबर ना?

अर्धविराम
थांबा! ऑक्सफर्डचा कोश स्वतः "झेड" वापरतो, कारण तो प्रत्यय ग्रीकमधून आलाय आणि तिथे ते अक्षर आहे. ब्रिटिश लेखनात दोन्ही चालतात, फक्त एका दस्तात एकच ठेवा. पण सरसकट "बदला" आज्ञा देऊ नका. "ॲडव्हर्टाइज", "सरप्राइज", "एक्सरसाइज", "सुपरवाइज" यांत तो प्रत्ययच नाही, ते नेहमी "एस"नेच. आणि "ॲनालाइज"चं मूळ वेगळं, त्यामुळे ऑक्सफर्ड पद्धतीतही तिथे "एस"च. तिथे "झेड" दिसला तरच तो अमेरिकन समजा.